जेत्यांच्या पहाऱ्यात : जपान, १९४५ ते १९५२

१५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी जपानी माणसाने आपल्या सम्राटाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. भाषा दरबारी, रेडिओची खरखर मोठी, आणि 'शरणागती' हा शब्द भाषणात कुठेच नाही. तरी जे कळायचे ते सगळ्यांना कळले. किकुमात्सु ओगावा नावाचा एक प्रकाशक ते भाषण ऐकून रडला म्हणतात. पण डोळे पुसता पुसता त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता : आता अमेरिकन येणार, म्हणजे लोकांना इंग्रजी लागणार. काही आठवड्यांतच त्याची ३२ पानांची जपानी-इंग्रजी संभाषणाची पुस्तिका बाजारात आली. काही महिन्यांत तिच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या वेळचा जपान कसा होता ते लक्षात घेतले की हा खप अधिकच नवलाचा वाटतो. त्याच वर्षी मार्चमधल्या एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून मेली होती. साठाहून अधिक शहरांचा मोठा भाग बेचिराख झाला होता. हिरोशिमा आणि नागासाकीबद्दल वेगळे सांगायला नको. परदेशांत अडकलेले साठ लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक परतायचे होते, आणि त्यातच भाताचे पीक बुडाले होते. अशा देशात लोक रांगा लावून जेत्यांची भाषा विकत घेत होते. याला लाचारी म्हणावे, व्यवहार म्हणावे की जुन्या राजवटीला आलेला वीट, हा प्रश्न गेली आठ दशके अभ्यासकांना सुटलेला नाही. हा लेखसंग्रहही त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

मराठी वाचकाला जपानची ओळख दोन टोकांनी असते. एका टोकाला अणुबॉम्ब आणि दुसऱ्या टोकाला टोयोटा, सोनी, बुलेट ट्रेन. मधली पावणेसात वर्षे, म्हणजे देशावर परकीय लष्कराची सत्ता असण्याचा काळ, 'कष्टाळू आणि शिस्तप्रिय लोक' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. कष्ट आणि शिस्त १९३० च्या दशकातही होतीच, आणि ती देशाला कुठे घेऊन गेली ते सर्वांसमोर आहे. तेव्हा उत्तर दुसरीकडे शोधायला हवे.

आधी कारभाराची रचना पाहू. जनरल डग्लस मॅकआर्थर ३० ऑगस्टला आत्सुगीच्या धावपट्टीवर उतरला. २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात 'मिसुरी' या युद्धनौकेवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. मॅकआर्थरने आपले मुख्यालय थाटले ते सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकासमोर, एका विमा कंपनीच्या इमारतीत. कागदोपत्री ही सत्ता सर्व दोस्त राष्ट्रांची होती. वॉशिंग्टनमध्ये अकरा देशांचा एक आयोग होता, टोकियोत चार पक्षांचे एक मंडळ होते. प्रत्यक्षात शब्द चालत असे तो मॅकआर्थरचा. जर्मनीचे चार तुकडे होऊन तिथे जेत्यांनी थेट राज्य केले. जपानमध्ये मात्र सम्राट, मंत्रिमंडळ, संसद, जिल्ह्याचे अधिकारी सगळे जागच्या जागी राहिले. हुकूम मुख्यालयातून सुटायचा, अंमलबजावणी जपानी कारकुनाच्या टेबलावर व्हायची. या फौजेचा खर्चही जपाननेच उचलला. सुरुवातीच्या काळात सरकारी अंदाजपत्रकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यावर जाई.

या फौजेत मराठी माणसेही होती, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर १९४६ मध्ये एक भारतीय ब्रिगेड पश्चिम जपानात गेली. तिचे नेतृत्व पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेल्या के. एस. थिमय्या यांच्याकडे होते, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधव यांची हीच पलटण. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे शिपाई दुसऱ्या देशात जेते म्हणून पहारा देत होते. १९४७ मध्ये ते परतले.

त्या पहाऱ्यामागे जपानी घराघरात चालले होते ते जगण्याचे हाल. रेशनवर पोट भरत नव्हते. शहरातली बाई कपाटातला किमोनो घेऊन खच्चून भरलेल्या आगगाडीने खेड्यात जायची आणि त्याच्या बदल्यात रताळी घेऊन यायची. काळा बाजार हाच खरा बाजार होता. योशितादा यामागुची हे टोकियोतले न्यायाधीश काळ्या बाजाराचे खटले चालवीत. ज्या गुन्ह्यासाठी आपण लोकांना शिक्षा करतो तो स्वतः करायचा नाही, असे ठरवून ते केवळ रेशनच्या धान्यावर राहिले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी वारले. वर्तमानपत्रांत त्याचा खूप गाजावाजा झाला. सगळा देश रोज कायदा मोडत होता म्हणून जिवंत होता, हे त्या एका मृत्यूने उघड्यावर आणले.

शाळांमध्ये १९४५ च्या शरद ऋतूत निराळेच दृश्य होते. नवी पुस्तके छापायला कागद नव्हता. मग शिक्षक पान आणि ओळ सांगत आणि मुले शाईत ब्रश बुडवून आपल्याच पाठ्यपुस्तकांतले युद्धगौरवाचे परिच्छेद काळे करीत. काल जे पाठ म्हटले नाही म्हणून छडी बसली होती, तेच आज त्याच गुरुजींच्या हुकमावरून पुसायचे. त्या पिढीतल्या कितीतरी लेखकांनी पुढे लिहून ठेवले की मोठ्या माणसांवरचा आपला विश्वास त्या वर्गात उडाला.

सुधारणांची यादी मोठी आहे. स्त्रियांना मतदानाचा हक्क, कामगार संघटनांना मान्यता, मित्सुई-मित्सुबिशीसारख्या बड्या घराण्यांच्या उद्योगसमूहांचे विघटन, नवी शिक्षणपद्धती, पोलिसांचे विकेंद्रीकरण. त्यांतल्या दोन गोष्टींपाशी थोडे थांबायला हवे. एक राज्यघटना, दुसरी जमीन.

घटनेची गोष्ट एखाद्या नाटकासारखी आहे. मंत्री जोजी मात्सुमोतो यांची समिती जुन्याच घटनेला ठिगळे लावत बसली होती. १ फेब्रुवारी १९४६ रोजी 'माइनिची' वर्तमानपत्राने समितीचा एक मसुदा फोडला. तो वाचून मॅकआर्थरने आपल्याच माणसांना घटना लिहायला बसवले. साधारण आठवडाभरात, वीस-पंचवीस जणांनी बंद दाराआड संपूर्ण मसुदा तयार केला. त्यांत बेआते सिरोटा नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. व्हिएन्नात जन्मलेली, टोकियोत वाढलेली, जपानी सफाईने बोलणारी. स्त्रियांच्या हक्कांचे कलम तिच्या वाट्याला आले, तेव्हा तिने जीप घेतली आणि जळक्या टोकियोतली शिल्लक ग्रंथालये धुंडाळून निरनिराळ्या देशांच्या घटना गोळा केल्या. १३ फेब्रुवारीला मसुदा जपानी मंत्र्यांच्या हाती पडला. आपल्या मसुद्यावर चर्चा होणार म्हणून ते बसले होते. समोर आले ते संपूर्ण निराळेच बाड.

म्हणजे घटना लादलेली होती? होय, पण गोष्ट इतक्यावर संपत नाही. यासुझो सुझुकी आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी डिसेंबर १९४५ मध्येच लोकांच्या सार्वभौमत्वावर आधारलेला मसुदा प्रसिद्ध केला होता, आणि मुख्यालयातल्या वकिलांनी तो बारकाईने वाचला होता. किमान सुसंस्कृत जीवनाचा हक्क देणारे पंचविसाव्या कलमाचे पहिले वाक्य अमेरिकन मसुद्यात नव्हते. ते जपानी संसदेत समाजवादी सदस्यांनी घातले. युद्धाचा त्याग करणाऱ्या नवव्या कलमाच्या शब्दांतही संसदेने फेरफार केले, आणि त्यांचा अर्थ काय यावर आजही वाद चालू आहेत. ३ मे १९४७ पासून अमलात आलेल्या या घटनेत अद्याप एकही दुरुस्ती झालेली नाही. घटना परक्यांनी लिहिली म्हणून ती बदला, अशी मागणी करणारे पक्ष जपानमध्ये दशकानुदशके सत्तेवर राहिले, तरीही.

मताधिकाराचेही तसेच. मॅकआर्थरचा आदेश ऑक्टोबर १९४५ चा, पण फुसाए इचिकावा आणि त्यांच्या मैत्रिणी या हक्कासाठी १९२० च्या दशकापासून झगडत होत्या, आणि आदेश हाती पडण्याआधीच मंत्रिमंडळात हा विषय निघाला होता. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. दैवाचा खेळ असा, की युद्धकाळातल्या एका संघटनेशी संबंध आल्याचे कारण काढून मुख्यालयाने पुढे इचिकावांनाच सार्वजनिक जीवनातून बाद केले. त्या परत आल्या १९५० मध्ये.

आता जमीन. युद्ध संपले तेव्हा जपानची सुमारे ४६ टक्के शेती कुळे कसत होती. कृषिखात्यातल्या अधिकाऱ्यांनी जमीनसुधारणेच्या योजना युद्धापूर्वीपासून फायलींत जपून ठेवल्या होत्या. त्यांनी पहिला कायदा डिसेंबर १९४५ मध्येच आणला. तो मुख्यालयाला मवाळ वाटला, म्हणून ऑक्टोबर १९४६ मध्ये दुसरा आला. गावात न राहणाऱ्या जमीनदाराची कुळांकडची सगळी जमीन सरकारने घ्यायची. गावात राहणाऱ्याला सुमारे एक हेक्टर ठेवता येईल, होक्काइदोत चार. किंमत १९४५ च्या पातळीवर गोठवलेली होती, आणि नंतरच्या महागाईने ती इतकी खाल्ली की जमीनदाराच्या हाती जवळजवळ काही उरले नाही. कामाची सूत्रे होती गावोगावच्या निवडून आलेल्या समित्यांकडे : पाच कुळे, तीन जमीनदार, दोन स्वतः कसणारे. कोणाचा बांध कुठे, कोणी कोणाला घाईघाईने बेदखल केले, हे या मंडळींपासून लपणे शक्य नव्हते. १९५० च्या सुमारास कुळांकडची जमीन दहा टक्क्यांवर आली.

मराठी वाचकाला इथे कुळकायदा आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई प्रांताचा कायदा १९४८ चा, 'कसेल त्याची जमीन' अमलात आली १ एप्रिल १९५७ ला. मधल्या काळात 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे किती कागद तयार झाले, हे खेड्यातल्या जुन्या माणसांना विचारावे. आपल्याकडे निवाडा मामलेदार कचेरीत आणि न्यायाधिकरणापुढे व्हायचा. तिथे लेखणी आणि ओळखपाळख ज्याची, त्याची बाजू सहसा वरचढ. जपानी सुधारणेचे एक प्रमुख शिल्पकार वुल्फ लाडेजिन्स्की पुढे भारतात आले आणि इथल्या जमीनसुधारणांवर त्यांनी परखड अहवाल लिहिले. १९७२ च्या दुष्काळात ते महाराष्ट्रात फिरले. त्यांचा लेख १९७३ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. एकाच माणसाने दोन्ही देशांतली शेते पाहिली, पण जपानमध्ये त्याच्या पाठीशी लष्करी सत्ता होती आणि जमीनदारांची ताकद मोडलेली होती. इथे यांपैकी काहीच नव्हते. जाता जाता आणखी एक : जमीन मिळालेला जपानी शेतकरी क्रांतिकारक झाला नाही. तो १९५५ नंतर सत्ताधारी पुराणमतवादी पक्षाचा सर्वांत भरवशाचा मतदार झाला.

या सुधारणांच्या उजेडाची दुसरी बाजू म्हणजे सेन्सॉर. नव्या घटनेचे एकविसावे कलम सेन्सॉरशिपला बंदी घालते, आणि त्याच वेळी मुख्यालयातली सेन्सॉर यंत्रणा वर्तमानपत्रे, मासिके, नाटके, चित्रपट, खासगी पत्रे तपासत होती. सेन्सॉर आहे असे छापायलाही मनाई. घटना अमेरिकनांनी लिहिली हे छापायलाही मनाई. स्वामिनिष्ठा आणि सूड यांवर उभी असलेली काबुकी नाटके काही काळ रंगभूमीवरून उतरवली गेली. अणुबॉम्बच्या झळांबद्दल लिहिणे अवघड होते. नागासाकीचे डॉक्टर ताकाशी नागाई यांचे 'नागासाकीच्या घंटा' हे पुस्तक दीर्घकाळ अडवून ठेवले गेले. १९४९ मध्ये परवानगी मिळाली ती मनिलातल्या जपानी अत्याचारांची पुरवणी त्याला जोडण्याच्या अटीवर.

१९४७ पासून वारे फिरले. १ फेब्रुवारीचा सार्वत्रिक संप मॅकआर्थरने आदल्या दिवशी मोडला. शीतयुद्ध तापले, चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकत चालले, आणि वॉशिंग्टनला आता शिकवायचा शत्रू नको होता, उभा राहिलेला मित्र हवा होता. १९४९ मध्ये डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांनी खर्चाला कात्री लावली आणि डॉलरला ३६० येन हा भाव बांधला. महागाई थांबली, पण कारखाने बंद पडू लागले. टोयोटा बुडण्याच्या काठावर आली. कामगारकपातीवरून संप झाला आणि जून १९५० मध्ये संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी लष्कराकडून ट्रकची मागणी आली. शेजाऱ्याच्या विनाशातून आलेल्या या पैशाचा उल्लेख 'जपानी चमत्कारा'च्या गोष्टीत सहसा खालच्या आवाजात होतो.

न्यायाचा हिशेबही असाच अर्धवट राहिला. जपानच्या युद्धकालीन नेत्यांवरच्या टोकियो खटल्यात २५ जणांना शिक्षा झाल्या, सात जणांना २३ डिसेंबर १९४८ ला फाशी झाली. सम्राटावर आरोपपत्रच नव्हते, कारण त्याच्या नावावाचून राज्य चालवणे मॅकआर्थरला अवघड वाटत होते. अकरा न्यायाधीशांपैकी कलकत्त्याचे राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत लिहिले. जपानमधल्या उजव्या मंडळींनी पुढे पाल यांना जवळजवळ देव्हाऱ्यात बसवले. पण चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी सैन्याने केलेले अत्याचार झालेच नाहीत असे पाल यांनी कुठेही म्हटलेले नाही. त्यांचा आक्षेप होता कायद्याच्या पायावर आणि जेत्यांनी स्वतःला न्यायाधीश म्हणवण्यावर. भारतात पाल यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्यांनीही हा फरक फारसा लक्षात ठेवलेला नाही.

या काळाबद्दलचे लेखनही काळाबरोबर बदलत गेले. पहिली पिढी मुख्यालयात काम केलेल्यांची. तिच्या लेखी हा अमेरिकेने जपानला दिलेल्या लोकशाहीचा यशस्वी प्रयोग होता. जपानी डाव्या इतिहासकारांना तो अर्ध्यावर गळा घोटलेल्या क्रांतीसारखा दिसला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या तरुण अभ्यासकांनी साम्राज्याच्या अंगाने तो तपासला. चाल्मर्स जॉन्सन यांनी १९८२ मध्ये औद्योगिक धोरणाचा इतिहास लिहिताना दाखवून दिले की १९४५ ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. युद्धकाळात अर्थव्यवस्था हाकणारे अधिकारीच नंतरही ती हाकत होते. जुन एतो यांनी सेन्सॉरचे कागद उकरून काढले आणि जपानी मनाची जडणघडणच परक्यांनी बिघडवली असा राष्ट्रवादी दावा केला. जॉन डॉवर यांच्या 'एम्ब्रेसिंग डिफीट' या १९९९ च्या ग्रंथाने कॅमेरा मुख्यालयातून रस्त्यावर आणला. काळ्या बाजारातली पोरे, वेश्या, व्यंगचित्रकार, मॅकआर्थरला पत्रे लिहिणारे सामान्य लोक इतिहासात आले. एजी ताकेमाए यांनी मुख्यालयाची रचना उलगडताना ओकिनावा आणि जपानमधले कोरियन यांना बाजूला पडू दिले नाही. अलीकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारले आहे की जपानी स्त्रीला मुक्त करणारी अमेरिकन स्त्री स्वतःच्या घरी किती मुक्त होती.

हा विषय आज पुन्हा टेबलावर येण्याचे एक कारण बगदाद. २००३ मध्ये इराकवर चाल करताना अमेरिकी सत्ताधाऱ्यांनी जपानचा दाखला वारंवार दिला. डॉवर यांनी तेव्हाच इशारा दिला होता की ही तुलना चुकीची आहे. जपानकडे चालू असलेले नोकरशाहीचे यंत्र होते, युद्धापूर्वीच्या संसदीय राजकारणाची आठवण होती, आणि शस्त्रे खाली ठेवा असे सांगणारा सम्राट होता. इराकमध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आल्या आल्या सैन्य बरखास्त केले आणि बाथ पक्षाच्या लोकांना कचेऱ्यांतून हाकलले. पुढे काय झाले ते आपण बातम्यांत पाहिले. दुसरे कारण खुद्द जपान : डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने संरक्षणखर्च दुप्पट करून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले आणि नवव्या कलमाचा वाद पुन्हा घरोघर पोहोचला.

या संग्रहाची स्वतःची एक भूमिका आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. ज्या सुधारणांना जपानमध्ये आधीपासून वाली होता, त्या टिकल्या. जमीन टिकली, मताधिकार टिकला, घटना टिकली. ज्यांना नव्हता, त्या जेते जाताच विरल्या. गावोगावचे स्वतंत्र पोलीस १९५४ मध्ये पुन्हा केंद्राकडे गेले, निवडून येणारी शिक्षणमंडळे १९५६ मध्ये नेमणुकीची झाली, आणि विभागलेले उद्योगसमूह बँकांभोवती पुन्हा गोळा झाले. लष्करी सत्तेने दार ढकलले हे खरे, पण आतून कडी काढणारे कोणी होते का, हा प्रश्न या लेखांनी प्रत्येक क्षेत्रात विचारला आहे. उत्तर दर वेळी सोयीचे मिळालेले नाही. बड्या उद्योगसमूहांवरच्या लेखाचा निष्कर्ष तर या भूमिकेला अंशतः छेदच देतो, आणि तो तसाच ठेवला आहे.

दोन बाबतींत संग्रह हट्टाने अधिक जागा देतो. सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता तह अमलात येऊन २८ एप्रिल १९५२ ला जपान सार्वभौम झाला, त्याच दिवशी तिथल्या लाखो कोरियनांचे जपानी नागरिकत्व संपले. आणि ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहिले ते १९७२ पर्यंत. आजही देशाच्या अवघ्या ०.६ टक्के भूमी असलेल्या ओकिनावात, फक्त अमेरिकी फौजांसाठी राखलेल्या तळांचे सुमारे सत्तर टक्के क्षेत्र आहे. टोकियोच्या दृष्टीने जे पर्व १९५२ मध्ये मिटले ते ओकिनावाच्या नाहा शहरातल्या माणसाच्या दृष्टीने मिटलेले नाही, म्हणून संग्रहाच्या नावात दोन साले असली तरी शेवटचे लेख ती ओलांडून जातात. भारताने सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर सही का केली नाही, आणि ९ जून १९५२ च्या स्वतंत्र तहात युद्धाच्या भरपाईवरचा हक्क का सोडला, याचीही चर्चा तिथेच येते. ओकिनावाला अमेरिकी ताब्यात ठेवण्यावरचा नेहरू सरकारचा आक्षेप हा त्या निर्णयाचा एक भाग होता. जपानी नावे मराठी वाचकाच्या सवयीप्रमाणे आधी नाव, मग आडनाव अशी दिली आहेत, आणि जमिनीची मापे हेक्टरमध्ये.